थोड्या पैशांत मोठं इंजिन

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेलं भाषण)



गेल्या वर्षी याच जागी ज्ञानेश्वरीवर फार सुंदर व्याख्यान झालं. यंदा समितीनं माझं नाव घेतलं तेव्हा मी म्हटलं, मला कसलं बोलता येतंय? मी सरकारी आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवणारा डिप्लोमावाला माणूस. माझ्या नखांतलं काळं अजून निघत नाही. त्यावर आपले सचिव म्हणाले, "त्या डॉज गाडीवरच बोला. गावात सगळे विचारतात, किती पैसे गेले?" तेव्हा आज तेच सांगणार आहे. किती पैसे गेले, कुठं गेले, आणि त्यातले कुठले फुकट गेले.

गाडी बऱ्याच जणांनी बघितली आहे. १९५४ ची डॉज किंग्सवे. नाव अमेरिकन, पण ही गाडी मुंबईत कुर्ल्याला तयार झाली. सोलापुरात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीशी करार केला, आणि १९४७ पासून कुर्ल्यातून डॉज, प्लायमाउथ अशा गाड्या बाहेर पडायला लागल्या. आपण सगळे जिला फियाट म्हणायचो ती पद्मिनीही पुढं त्याच कारखान्यातली. म्हणजे गाडीचं माहेर तसं आपल्याच मुलखातलं.

ही गाडी निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांची. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, १९६८ ते १९८६ अशी अठरा वर्षं या गाडीवर ड्रायव्हर होते. मालक मागं आणि आप्पा पुढं. १९८६ ला गाडी वखारीत उभी राहिली ती राहिलीच. वर तंबाखूची पोती पडली, खाली उंदरांनी घर केलं. २०१८ साली त्या घरची मंडळी पुण्याला जायची ठरली. त्यांनी आप्पांना बोलावून सांगितलं, "भंगारवाला जो भाव देतोय तो द्या आणि गाडी घेऊन जा. तुमच्याकडं राहिली तर बरं वाटेल." तेहतीस हजारांना गाडी आमच्या दारात आली, तीसुद्धा ट्रॅक्टरनं ओढून.

आता इंजिनाकडं येतो. आजकालच्या पोरांना मोबाईलवर अमेरिकेतल्या गाड्या दिसतात. "सर, बिग ब्लॉक म्हणजे काय हो?" असं वर्गात विचारतात. थोडक्यात सांगतो. ज्या ओतीव लोखंडी ठोकळ्यात सिलिंडर असतात त्याला ब्लॉक म्हणतात. अमेरिकेत साठाव्या दशकात एकेका कंपनीची आठ सिलिंडरची दोन घराणी असायची, एक लहान ब्लॉक आणि एक मोठा. शेव्हरलेट कंपनीचा १९७० चा मोठा ब्लॉक होता ४५४ घन इंचांचा, म्हणजे जवळजवळ साडेसात लिटर. आपल्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सी.सी.चं. अशी नऊ इंजिनं एकत्र केली तरी त्या एकाची बरोबरी होत नाही. त्यातलं सगळ्यात तिखट इंजिन कंपनीच्या हिशोबानं ४५० अश्वशक्तीचं होतं.

मग तिथले साधे कामगार, शेतकऱ्यांची पोरं ही इंजिनं का बांधायची? कारण ती स्वस्त पडायची. हे ऐकायला उलटं वाटतं, पण त्यामागं पक्कं कारण आहे. इंजिनाची ताकद दोन गोष्टींच्या गुणाकारातून येते. एक, फिरवणारा जोर, ज्याला आपण टॉर्क म्हणतो. दुसरी, मिनिटाला होणारे फेरे. लहान इंजिनातून मोठी ताकद काढायची तर फेरे वाढवावे लागतात. फेरे वाढले की आतल्या प्रत्येक भागावर ताण वाढतो, मग भारी रॉड, भारी पिस्टन, भारी स्प्रिंगा, सगळंच भारी लागतं. मोठ्या इंजिनात जोर मुळातच असतो, तो सावकाश फिरूनही काम करतो, म्हणून साधे सुटे भाग पुरतात. शर्यतीच्या घोड्याला खुराक वेगळा आणि मोट ओढणाऱ्या बैलाला वेगळा, तसंच हे. भंगारातल्या जड गाडीचं किंवा ट्रकचं मोठं इंजिन काढायचं, नीट बांधायचं आणि हलक्या गाडीत बसवायचं, अशी ती रीत.

आमच्या डॉजचं इंजिन त्या मानानं मध्यम. सहा सिलिंडर एका ओळीत, सव्वातीन इंच व्यास, चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच स्ट्रोक, एकूण २१७.८ घन इंच, म्हणजे साडेतीन लिटरच्या थोडं वर. व्हॉल्व्ह डोक्यावर नाहीत, ब्लॉकच्या कुशीत आहेत. नवी होती तेव्हा शंभर अश्वशक्तीच्या आसपास. पण आपल्याकडच्या गाड्यांच्या मानानं हा मोठाच ब्लॉक, आणि स्वभाव तोच. सावकाश फिरणारा, ओढीचा.

माझ्या विद्यार्थ्यांनी आणि भाच्यानं सुरुवातीलाच सल्ला दिला होता की ते जुनं काढून टाका, भंगार बाजारातून एखादं आठ सिलिंडरचं किंवा जपानी डिझेल इंजिन आणून बसवा. मी चौकशी केली. गिअर बॉक्ससह तीन-चार लाखांच्या खाली गोष्ट नव्हती. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. पुढं २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, त्यातही गाडी मूळ रूपात असली पाहिजे ही अट आहेच. सरकारी नोकरानं तरी कायदा पाळावा. म्हणून ठरवलं, इंजिन तेच ठेवायचं, पण पहिल्यापेक्षा चांगलं बांधायचं.

पैशांचं म्हणाल तर के.जी.आय.डी.चं एक लाखाचं कर्ज काढलं. घरातून एकच अट होती, मुलीच्या फीच्या पैशांना हात लावायचा नाही. ती अट पाळली.

आता माझ्या चुकीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

२०२१ मध्ये मी इंजिन पहिल्यांदा उतरवलं. वीस वर्षं पोरांना शिकवतोय, तेव्हा मला वाटलं हे काय, डाव्या हाताचा मळ. सिलिंडर होन करून घेतले, नवीन रिंगा टाकल्या, क्रँकला नवीन शेल टाकले, रेडिएटरला नवीन कोर, पॅकिंग, रंग, क्रोमच्या नटबोल्टसुद्धा. ६१,८०० रुपये झाले. दोन कामं मी वगळली. एक, ब्लॉक कॉस्टिकमध्ये उकळून आतले तेलाचे मार्ग उघडून साफ करणं. त्याचे बाराशे. दुसरं, क्रँकशाफ्टचं माप आणि तडा तपासणं. त्याचे अठराशे. क्रँक डोळ्यांना चकचकीत दिसत होता. नखाला लागत नव्हता. मी म्हटलं, चालतंय. तीन हजार वाचले.

इंजिन सुरू झालं. आवाज गोड. २०२२ च्या जानेवारीत आप्पांना घेऊन निपाणीला गेलो. ती वखार दाखवली, चहा घेतला. म्हटलं, तवंदी घाटातून संकेश्वरला जाऊन तिकडून परत येऊ. आप्पा माझ्या शेजारी बसले होते. घाटाच्या चढाला लागलो आणि आप्पांनी हात वर केला.

"थांबव. खालनं आवाज येतोय."

मी म्हटलं, "आप्पा, टॅपेट आहेत. गरम झाले की वाजतात."

"टॅपेट टिकटिक करत्यात. ह्ये ठोकतंय. थांबव म्हणतो न्हवं."

मी नाही थांबवली. वरती सपाटीला घेऊ म्हटलं. दोन किलोमीटर गेलो असेन. तेलाच्या दाबाचा काटा बसला, ठोक्याचा आवाज माझ्या पायांत यायला लागला, आणि मग मीच गाडी कडेला घेतली. आप्पा काही बोलले नाहीत. उतरले, दगडावर बसले आणि तंबाखू मळायला लागले. टेम्पो येऊन गाडी ओढून नेईपर्यंत तीन तास आम्ही तिथं होतो. त्या तीन तासांत त्यांनी मला एक शब्द सुनावला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन सम्प उघडला. हा बघा, हा त्यातला एक शेल. सगळ्यांनी हातात घेऊन पुढं द्या. हा राखाडी भाग आहे ना, तो सगळीकडं सारखा असायला हवा. इथं पूर्ण खरवडून गेलाय, खालचं लोखंड दिसतंय. हे कशानं झालं? पस्तीस वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या तेलाच्या नळीत घट्ट चिखल बसला होता. नवीन तेलानं तो थोडा थोडा सुटला आणि नेमका पाचव्या रॉडच्या वाटेत जाऊन अडकला. शेलला तेल मिळालं नाही. वर क्रँकही मुळात गोल राहिला नव्हता, अंडाकृती झिजला होता. ते डोळ्याला दिसत नाही, नखाला कळत नाही. मायक्रोमीटरलाच कळतं. वर्गात हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहितो.

तीन हजार वाचवायला गेलो आणि ६१,८०० तले बहुतेक पाण्यात. त्याहून मोठी भीती क्रँकची होती. या इंजिनाचा दुसरा क्रँक माझ्या ऐपतीत कुठून आणणार? परदेशातून मागवायचा तर त्याचं वजन, जहाजाचं भाडं आणि कस्टम, सगळं मिळून गाडीपेक्षा महाग. क्रँकला तडा असेल तर गोष्ट तिथंच संपली असती.

क्रँक पोत्यात गुंडाळून कोल्हापूरला उद्यमनगरात नेला. आपल्या या पट्ट्याचं एक भाग्य आहे, ते आपल्याला फारसं ठाऊक नसतं. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले. इकडं कोल्हापुरात उसाचे घाणे आणि विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींमधून उद्यमनगर उभं राहिलं. आज बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापुरात मोठमोठ्या कंपन्यांच्या इंजिनांचे भाग ओतले जातात, घासले जातात. चिकोडीतून सकाळी निघालेला माणूस दोन्हीपैकी कुठंही जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतो. पुण्या-मुंबईतल्या माणसाला जे काम शोधत फिरावं लागतं ते आपल्या अंगणात आहे.

तिथले क्रँक ग्राइंडिंग करणारे मिस्त्री सत्तरीचे. त्यांनी क्रँकला चुंबक लावलं, वर लोखंडाचा बारीक भुगा मिसळलेलं पाणी सोडलं. तडा असेल तर भुगा त्या रेघेवर गोळा होतो. आम्ही दोघं वाकून बघत होतो. पाचव्या रॉडच्या जागी कोपऱ्यात एक रेघ दिसली. माझा श्वासच अडकला. त्यांनी कापडानं पुसली, पुन्हा पाणी सोडलं. रेघ आली नाही. वरचा ओरखडा होता. मग मला म्हणाले, "तीस थाऊ काढावं लागणार. त्याच्या पुढं मात्र काही नाही. ही शेवटची संधी."

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण दोन-तीन थाऊ जाड असतो. इंजिनाचा सगळा संसार या केसाच्या जाडीत चालतो. क्रँक आणि शेल यांच्यात तेलाला जी फट लागते ती व्यासाच्या दर इंचाला साधारण एक थाऊ. आमच्या क्रँकला दोन थाऊच्या आसपास. कमी ठेवली तर तेल शिरत नाही, जास्त ठेवली तर तेल थांबत नाही.

दुसऱ्या वेळी मी काय केलं ते क्रमानं सांगतो. तरुण मुलांनी हा भाग नीट ऐकावा.

पहिलं, आधी पिस्टन आणले आणि मग बोअर मारला. लोक उलट करतात. बोअर मारून येतात आणि त्या मापाचे पिस्टन गावोगाव शोधत बसतात. मला मुंबईत जुन्या स्पेअरच्या एका दुकानात चाळीस थाऊ ओव्हरसाईजचा न वापरलेला संच मिळाला. मग त्या पिस्टनांच्या मापानं सिलिंडर बोअर केले. चाळीस थाऊ वाढल्यानं इंजिन २१७.८ वरून २२३ घन इंचांवर गेलं, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. बोअर मारल्यानं ताकद वाढते असं जे म्हणतात त्याचा हा हिशोब. ताकद व्यास वाढल्यानं आली नाही. सिलिंडर गोल आणि सरळ झाला, रिंगा चहूबाजूंनी टेकल्या आणि वायू खाली गळायचा थांबला, त्यानं आली.

दुसरं, ब्लॉक उकळला. सगळे प्लग काढले, तेलाच्या प्रत्येक मार्गात ब्रश घातला. चहाच्या किटलीभर तरी काळा चिखल निघाला. बाराशे रुपये.

तिसरं, पाण्याची नळी. या क्रायसलर इंजिनात पाण्याच्या पंपाच्या मागं ब्लॉकच्या आत एक लांब चपटी पत्र्याची नळी असते. तिला भोकं असतात, त्यांतून थंड पाणी नेमकं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागांवर जातं. ही नळी आत गंजून गेली तर काटा ठीक दाखवतो, पण मागचे सिलिंडर भाजत राहतात. पहिल्या वेळी मी ती काढलीच नव्हती. या वेळी ओढली तर तिचे तुकडे हातात आले. नवी परदेशातून मागवण्याऐवजी ते तुकडे जोडून माप घेतलं आणि निपाणीतल्या एका तांबटाकडून पितळी पत्र्याची नवी करून घेतली. नऊशे रुपये. घागरी करणाऱ्या हातांनी इंजिनाची नळी केली, आणि ती मूळच्यापेक्षा जास्त टिकेल.

चौथं, वजन. सहा पिस्टन आणि सहा रॉड सारख्या वजनाचे हवेत, नाहीतर इंजिन थरथरतं आणि ती थरथर बेअरिंग खाते. माझ्या ओळखीच्या एका सराफांनी दुकान बंद झाल्यावर आपला काटा वापरायला दिला. सोन्याच्या काट्यावर पिस्टन बघून त्यांच्या सौभाग्यवती हसत होत्या. आतून थोडं थोडं घासून सगळे पिस्टन एका ग्रॅमच्या आत आणले. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच मात्र कोल्हापुरातच मशीनवर बॅलन्स करून घेतले.

पाचवं, हेड. १९५४ च्या पेट्रोलपेक्षा आजचं पेट्रोल जास्त दाब सहन करतं. त्याचा फायदा घ्यायचा तर हेड थोडं घासून ज्वलनाची जागा लहान करायची. मी पन्नास थाऊ काढले. डॉक्टरांच्या सिरिंजनं रॉकेल भरून प्रत्येक पोकळी मोजली. कॉम्प्रेशन सातास एक होतं, ते पावणेआठाच्या वर गेलं. थोड्या पैशांत ताकद वाढवायचा या इंजिनातला हाच खरा उपाय. पण हेड खाली आलं की उघडणारा व्हॉल्व्ह त्याला आदळेल का, हे बघावं लागतं. त्यासाठी व्हॉल्व्हवर मऊ मातीचा गोळा ठेवून, जुनं पॅकिंग घालून हेड बसवायचं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं, हेड काढायचं आणि दाबलेली माती मोजायची. माती आणली आपल्या मूर्तिकारांकडून. शाडूची. जुलै महिना होता, त्यांच्याकडं भरपूर होती.

सहावं, काय केलं नाही ते. दोन कार्बोरेटर लावले नाहीत. तिखट कॅमशाफ्ट टाकला नाही. त्यानं वरच्या फेऱ्यांना ताकद येते, पण गाडी सावकाश चालताना इंजिन धडधडतं आणि तापतं. एक्झॉस्ट मात्र तीन-तीन सिलिंडरचा वेगळा केला, त्यानं इंजिनाला मोकळा श्वास मिळाला. कार्बोरेटरचा जेट थोडा मोठा केला, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते आपल्याच उसाचं, त्याचा अभिमान आहेच, पण त्याला हवेच्या मानानं इंधन जास्त लागतं आणि ते जुनं रबर व बुचाचं पॅकिंग खातं. म्हणून पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांनी एवढं तरी करावं, पेट्रोल गळून आग लागण्याचा धोका असतो. शिसं घातलेलं पेट्रोल २००० सालीच बंद झालं, त्याची मात्र आम्हाला चिंता नव्हती. या इंजिनाला एक्झॉस्टच्या जागी कठीण सीट कंपनीनंच बसवलेल्या आहेत.

आता हिशोब. ब्लॉक उकळणं, बोअर, होनिंग ९,५००. क्रँक तपासणी, ग्राइंडिंग, पॉलिश ८,५००. बॅलन्सिंग ७,०००. हेड आणि व्हॉल्व्हचं काम ८,०००. पिस्टन-रिंगा २७,०००. शेल ९,०००. पॅकिंग ४,५००. रेडिएटर घाटात तापून फुटला होता, तो पुन्हा ११,०००. पाण्याची नळी ९००. कार्बोरेटर आणि पंप ६,५००. एक्झॉस्ट ४,५००. तेल आणि किरकोळ ६,०००. बेरीज १,०२,४००. पहिले ६१,८०० धरले तर १,६४,२००. सचिवसाहेब, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

यातले पहिले चार आकडे बघा. ते मशीनवरच्या कामाचे, ३३,००० रुपये. त्यातून एकही वस्तू घरी आली नाही. दाखवायला काही नाही. पहिल्या वेळी मी दिसणाऱ्या वस्तूंवर पैसे घातले आणि न दिसणाऱ्या कामावर वाचवले. आज मला कुणी विचारलं की हात आखडता घ्यायचा तर कुठं घेऊ, तर मी म्हणेन रंगावर घ्या, क्रोमवर घ्या, दुसऱ्या कार्बोरेटरवर घ्या. मोजण्यावर आणि धुण्यावर घेऊ नका.

जोडणी मी घरीच केली, रविवारी, अंगणात. प्रत्येक शेलची फट मोजून वहीत लिहिली. आप्पा खुर्ची टाकून बसायचे. त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. मी माप सांगायचो, ते वहीत लिहायचे. सातवी शिकलेले, पण आकडे मोत्यासारखे. एका रविवारी चौथ्या रॉडची फट दोन थाऊपेक्षा बरीच कमी आली. मी म्हटलं, असू दे, एवढं काय? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. मी शेल काढला. पाठीमागं धुळीचा एक कण होता. पुसून बसवला, दोन थाऊ आली. मग त्यांनी लिहिलं.

इंजिन सुरू करायच्या आधी तेलाचा दाब आणला. मग चावी. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १२० ते १२५ पौंडांच्या आत, एकमेकांत पाचाचा फरक. हजार किलोमीटर सावकाश चालवली, दोनदा तेल बदललं. आणि मग पुन्हा तवंदी घाट. पूर्वी दुसऱ्या गिअरात चढायची, या वेळी वरच्या गिअरातच चढली. वरती मी गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं. आप्पांनी बॉनेटवर तळहात ठेवला, थोडा वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "आता बोलत न्हाई." एवढंच. मग मागचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले. अठरा वर्षं गाडी चालवली, पण मागच्या सीटवर ते एकदाही बसले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. घरापर्यंत आम्ही तसेच आलो. पुढं मी, मागं ते.

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते, ती आपल्यापैकी अनेकांनी बघितली असेल. ती गाडी राजाची. आपली ड्रायव्हरची. पण मिरवणुकीत दोघींची परीक्षा एकच. इंजिनाला वेगापेक्षा मुंगीच्या पावलानं चालणं जड जातं, कारण समोरून वारा मिळत नाही. गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत ही गाडी पुढं होती. साडेतीन तास, ढोल-ताशात, माणूस चालतो त्याहून हळू. आप्पा मागच्या सीटवर, मांडीवर पूजेची लहान मूर्ती. माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त होतं. काटा मधल्या रेघेच्या पुढं गेला नाही. दोन कार्बोरेटर आणि तिखट कॅम टाकला असता तर बाप्पाला अर्ध्या वाटेतच ट्रॅक्टरवर बसवावं लागलं असतं.

शेवटी एक विनंती. त्या क्रँक ग्राइंडिंगवाल्या मिस्त्रींकडं हाताखाली शिकायला आज कुणी नाही. त्यांचा मुलगा बंगळूरला संगणकावर काम करतो, चांगलं कमावतो, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण त्यांच्या बोटांत जे माप आहे ते त्यांच्यानंतर कुठं जाणार? विजेच्या गाड्या आल्या तरी पंप राहतील, लेथ राहतील, शाफ्ट आणि बेअरिंग राहतील. आपल्या मंडळात दहावी-बारावी झालेली पंधरा-वीस मुलं आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना मायक्रोमीटर धरायला शिकायचं आहे त्यांनी दर रविवारी सकाळी माझ्या अंगणात यावं. फी नाही. चहा आमच्या घरचा. एक जुनं जीपचं इंजिन आणून ठेवलंय, ते उघडू, मोजू आणि पुन्हा बांधू. आणि कोपऱ्यात खुर्चीवर आप्पा असतील, आपलं माप वहीत लिहायला. चुकलं तर ते बोलणार नाहीत, नुसतं बघतील. तेवढं पुरतं.

तो शेल तेवढा परत पुढं पाठवा. मला वर्गात लागतो.

गणपती बाप्पा मोरया!